तिला वाचायला वेळ लागतो

वर्गात हशा पिकला तो ‘भार’ या शब्दावरून. मी फळ्यावर मोटरचं एक उदाहरण लिहिलं होतं आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला ते मोठ्यानं वाचायला सांगितलं होतं. ती उभी राहिली, बराच वेळ फळ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "मोटरवरचा मार किती?" पोरं बाकं बडवायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, मोटरीनं काय गुन्हा केला?" तीही हसली. लोक हसायच्या आधी आपणच हसून घ्यायची तिला सवय होती, हे मला पुढं कळलं.

मी तेव्हा शहरातल्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रिशियनच्या तुकडीला शिकवत होते. पाऊस लागोपाठ दगा देत होता. संस्थेतले नळ नुसते फुसफुसायचे, मुलं घरून बाटल्या भरून आणायची. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतून रोध मोजायचं प्रात्यक्षिक आम्ही त्या वर्षी कोरडंच उरकलं, कारण प्राचार्य म्हणाले, "प्यायला नाही आणि तुम्ही जमिनीत काय ओतता?" आणि त्याच शहरात बीड बायपासच्या दोन्ही अंगांना इमारतीमागून इमारत उभी राहत होती. त्यांच्या काँक्रीटला पाणी कुठून येतं, हे कुणी विचारत नव्हतं. इमारती म्हटल्या की वायरिंग आलंच. खेड्यातून उठून आलेल्या घरांना वाटायचं, पोरानं हा ट्रेड केला की भाकरीची सोय झाली.

ही मुलगी पिशोरकडची. विहीर तळाला गेली, अद्रकाचं बेणं जमिनीतच जळालं, तेव्हा तिच्या वडिलांनी घराला कुलूप घातलं आणि बायकापोरांना घेऊन मुकुंदवाडीत भाड्याची खोली केली. गावाकडं चार माणसांत मान असलेला माणूस. इथं तो एका बांधकामावर वॉचमन होता. लेकीला इलेक्ट्रिशियनला घालायचं हे त्यांनीच ठरवलं होतं. बांधकामावर वायरमनला मुकादमसुद्धा ‘अहो’ म्हणतो, हे त्यांनी पाहिलं होतं.

‘मार’ प्रकरणानंतर काही दिवसांनी मी तिला मोटरवरची पाटी वाचायला सांगितली.

"मॅडम, चष्मा घरी ऱ्हायला," ती म्हणाली.

तिच्या डोळ्यांवर चष्मा मी कधी पाहिला नव्हता. पोरं डबे खायला गेल्यावर मी तिला थांबवून घेतलं. ती पकडीला लागलेलं ग्रीस चिंधीनं पुसत राहिली. मग वर न बघताच म्हणाली, "चष्मा नाय मला. दिसतं समदं. पर एक अक्षर वळखू येईस्तोवर मागचं इसरतं. भ आन् म मला एकच वाटतात. घ कुठला, ध कुठला, त्ये बी समजत नाय."

"शाळेत काय करायचीस?"

"धडे पाठ करायची आन् पुस्तक म्होरं धरायची."

"आणि दहावी?"

ती दाराकडं बघत म्हणाली, "सुटली." मी पुढं विचारलं नाही. दहावी कशी सुटते हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक असतं.

आमच्या संस्थेत अशा मुलांसाठी एकच शब्द होता, ‘कच्चा माल’. स्टाफरूममध्ये तो अगदी सहज वापरला जायचा. मला स्वतःला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी माझ्या ओळखीच्या एका बाईंकडं गेले. त्या महापालिकेच्या शाळेत अशाच मुलांना शिकवायच्या. त्यांनी एका शनिवारी येऊन मुलीकडून थोडं वाचून घेतलं, थोडं लिहून घेतलं, बराच वेळ नुसत्या गप्पा मारल्या. नंतर मला म्हणाल्या, "बुद्धी चांगली आहे. वाचनाची अडचण जन्माची आहे, ती जाणार नाही. तिला वाट काढून द्यावी लागेल."

वाट म्हणजे फार मोठं काही नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत स्टोअररूममध्ये, केबलच्या भेंडोळ्यांवर बसून आम्ही शिकायला लागलो. मी धडा मोबाइलमध्ये बोलून द्यायची, ती घरी भाकरी थापताना तो ऐकायची. आकृत्यांमध्ये शब्दांऐवजी रंग भरले. ‘भार’ लिहिताना भ च्या डोक्याला तांबडा ठिपका द्यायचा, म्हणजे तो म नाही हे कळायचं. ३ आणि ६ ची ती कायम अदलाबदल करायची, म्हणून आकडा दिसला की आधी बोटानं हवेत गिरवायचा आणि मग बोलायचा, असं ठरलं. आठवडाभरात आणखी दोन मुलं दारात येऊन उभी राहिली. ‘मार’वर सगळ्यात मोठ्यानं हसणारा त्यांतलाच एक होता. तो म्हणाला, "मॅडम, माझं पण तसंच आहे."

ती काही विलक्षण हुशार नव्हती, हे सांगायला हवं. तिचा हात मध्यम होता. सोल्डरिंग तर खराबच. पण ती सावध होती. टेस्टर लावल्याशिवाय ती कुठल्याही तारेला बोट लावत नसे. शेजारच्यानं "बंद आहे गं" म्हटलं, तरी ती स्वतः तपासायची. लिहिलेल्यावर जिला आयुष्यभर भरवसा ठेवता आला नाही, तिचा सांगितलेल्यावरही बसत नसावा.

परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळतो, पण त्याला दाखला लागतो. मी तिच्या आईला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथं कळलं की ही तपासणी शाळकरी मुलांची असते, तिचं वय उलटून गेलंय. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, पुण्याला जा. आई बाकावर बसून पदरानं वारा घेत होती. तिनं मला हळूच विचारलं, "ह्या कागदावर येडी म्हून लिवत्यात का, मॅडम? थोरलीचं लगीन ठरायचंय." तसं लिहीत नाहीत, हे मी तिला पुन्हापुन्हा सांगितलं. तिनं मान डोलावली, पण पुण्याला कुणी गेलं नाही. वडिलांनीच नको म्हटलं.

पहिल्या खेपेला ती लेखी परीक्षेत नापास झाली. निकालाच्या दिवशी ती आली नाही. मी मुकुंदवाडीला गेले तेव्हा ती टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी होती. मला बघून हसली आणि म्हणाली, "मॅडम, जाऊ द्या. माझ्यापायी तुमाला किती तरास." मी म्हटलं, "सोमवारी स्टोअररूममध्ये ये." ती आली.

दुसऱ्या खेपेला मी प्राचार्यांच्या मागं लागले. भले गृहस्थ होते, निवृत्तीला टेकलेले. ते म्हणाले, "दाखला नाही, पण मी आहे ना. माझ्या जबाबदारीवर वाचून दाखवा." एका लिपिकानं तिच्या शेजारी बसून प्रश्न वाचले आणि ती पास झाली. वडील पेढे घेऊन आले, माझ्या पाया पडायला वाकले आणि मी घाईनं मागं सरले. त्या दिवशी संस्थेच्या आवारात एक लढाई जिंकल्यासारखं मला वाटत होतं.

तिच्याबरोबरच्या मुलांची वाळूजच्या कारखान्यांत शिकाऊ म्हणून निवड झाली होती. तिथंही लेखी चाचणी होती, तिथं मात्र वाचून दाखवायला कुणी नव्हतं. शेवटी बायपासजवळच्या एका नव्या इमारतीचं वायरिंग करणाऱ्या ठेकेदारानं तिला घ्यायची तयारी दाखवली. तो आमच्याच संस्थेचा जुना विद्यार्थी, हसतमुख, चहाशिवाय कुणाला सोडायचा नाही.

त्याला सांगायचं की नाही, यावर आम्ही तिघी बसलो. महापालिकेच्या शाळेतल्या त्या बाई म्हणाल्या, "सांगायलाच हवं. लपवून काम केलं तर एखादा दिवस अंगाशी येईल. सांगितलं तर तो सोय करेल." मलाही तेच वाटत होतं. मुलगी म्हणाली, "सांगा. पर माझ्याम्होरं सांगा. पाठीमागं नगं."

म्हणून तिला शेजारी बसवूनच मी ठेकेदाराला सांगितलं, "हिला वाचायला वेळ लागतो. काम चोख करते. बोर्डांवर रंगाच्या पट्ट्या लाव आणि काय करायचं ते तोंडी सांग, एवढंच."

"बस क्या, मॅडम," तो हसत म्हणाला. "आपल्याकडं सगळं तोंडीच असतं."

ते खरं निघालं. सुरुवातीचे महिने बरे गेले. ती कधीमधी संस्थेत यायची, स्टोअररूममधल्या नव्या मुलांना तार सोलून दाखवायची. अंगानं थोडी भरली होती, बोलण्यात धीटपणा आला होता. एकदा म्हणाली, "मॅडम, पट्ट्या काय लावल्या नाईत त्यानं. पर मी माझ्या नखपालिशनं खुणा केल्यात."

अपघात झाला तो उन्हाळ्यात, भर दुपारी. तिच्या आईनं शेजारणीच्या फोनवरून मला कळवलं. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा तिचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला होता आणि कपाळाच्या बाजूचे केस जळालेले होते. तिला बोलू नको म्हणून नर्स सांगत होती, तरी मला बघितल्या बघितल्या ती म्हणाली, "मॅडम, मी टेस्टर लावला हुता."

तिनं सांगितलं ते असं. तिसऱ्या मजल्यावरच्या बोर्डात केबल जोडायची होती. सुपरवायझरनं तिला तळघरात नेऊन मुख्य पॅनलवरचा स्विच बोटानं दाखवला. तिनं तो पाडला, जिने चढून वर गेली, टेस्टर लावला, तार मेलेली होती. तिनं काम सुरू केलं आणि कुणीतरी तळघरातले बंद असलेले सगळेच स्विच वर केले. त्या दिवशी फ्लॅट बघायला गिऱ्हाईकं आली होती, लिफ्ट चालू हवी होती, एवढं ती वरून ऐकत होती. पॅनलजवळ ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावायला हवी होती. त्या साऱ्या इमारतीत तशी पाटीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिथं गेले. वॉचमन मला ओळखत होता, तो मुलीच्या वडिलांच्या गावचाच. त्यानं तळघर उघडून दिलं. पॅनलवर सिमेंटची बोटभर धूळ बसलेली होती आणि प्रत्येक स्विचखाली कोरे करकरीत स्टिकर होते: ‘मजला ३’, ‘मजला ६’, ‘लिफ्ट’. स्टिकरवर धुळीचा कण नव्हता. मी बोट फिरवून पाहिलं, कडेचा डिंक अजून चिकटत होता. एका स्विचच्या बाजूला, स्टिकरच्या आडून, गुलाबी नखपालिशचा डाग अर्धा दिसत होता.

मी वॉचमनला विचारलं, "हे कधी लावलं?"

तो म्हणाला, "मॅडम, मला इथंच राहायचंय. तुमी जावा आता."

चौकशीला सरकारी खात्यातून एक साहेब आले. ठेकेदाराच्या साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही सगळे बसलो: साहेब, ठेकेदार, सुपरवायझर, मुलगी, तिचे वडील आणि मी. पंखा गरम हवा फेकत होता. ठेकेदार हळहळल्यासारखा बोलत होता. तो म्हणाला, "साहेब, पोरगी गुणाची आहे, पण तिला वाचता येत नाही. तिसऱ्या मजल्याऐवजी सहाव्याचा स्विच पाडला तिनं. ३ आणि ६ मध्ये गडबड होते तिची. मी नाही म्हणत, तिच्या मॅडमच म्हणाल्या होत्या." मग माझ्याकडं वळून, अगदी आदरानं, "मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ना?"

३ आणि ६ बद्दल मी त्याला एक अवाक्षरही बोलले नव्हते. ते तिनंच कधीतरी त्याला हसत हसत सांगितलं असणार, स्वतःच आधी हसून घ्यायच्या सवयीनं.

"वाचायला वेळ लागतो असं सांगितलं होतं," मी म्हणाले. "वाचता येत नाही असं नाही. आणि त्या दिवशी पॅनलवर वाचायला काही नव्हतंच. स्टिकर नंतर लावलेत."

"तुम्ही आधी पॅनल पाहिलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग अडचण होती हे तुम्ही मान्य करता आणि स्टिकरचं तुम्हाला खात्रीनं सांगता येत नाही."

"धूळ बघा साहेब, तुम्ही स्वतः खाली चला."

"बघतो," ते म्हणाले. खाली कुणी गेलं नाही.

मुलगी मधेच बोलली. "साहेब, मी सहाव्याचा पाडला असता तर माझा टेस्टर पेटला असता. मी वरती टेस्टर लावला हुता. तार मेलेली हुती." तिचं म्हणणं बिनतोड होतं. कुठल्याही इलेक्ट्रिशियनला ते तिथल्या तिथं पटलं असतं. साहेबांनी मान हलवली आणि सुपरवायझरला विचारलं, "तिनं टेस्टर लावलेला तुम्ही पाहिला?" तो म्हणाला, "मी खाली होतो."

त्यांनी टिपून घेतलेलं वाचून दाखवलं: कामगारास वाचनाची अडचण असल्याने चुकीचा स्विच. खाली सही करायला कागद तिच्यापुढं सरकवला. तिचा उजवा हात पट्टीत होता. ठेकेदारानं तत्परतेनं शाईचा डबा उघडला आणि तिच्या डाव्या हाताचा अंगठा घेतला. नाव लिहायला ती चौथीत शिकली होती, सहा महिने लागले होते तिला. अंगठा देताना तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसलं असतं. ती नुसती थकलेली होती.

मी पुढं दोन-तीन ठिकाणी अर्ज घेऊन फिरले. प्राचार्य तोवर निवृत्त झाले होते. नवे प्राचार्य म्हणाले, "विनादाखला वाचून दाखवून तिला पास केलं, हे बाहेर आलं तर संस्था अडचणीत येईल. तुम्ही जेवढं बोलाल तेवढं तिचं प्रमाणपत्रच जाईल." ते धमकी देत नव्हते, खरं तेच सांगत होते. मी तिच्या वडिलांशी बोलायला गेले. ते खोलीच्या दारातच उभे राहिले, आत बोलावलं नाही.

"तुमी चांगलंच करायला गेलात, मॅडम," ते म्हणाले. "पर जे आमी घरात झाकून ठेवलं हुतं, ते आता सरकारी कागदावर गेलं. बास करा."

मी थांबले. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ राहिली. पकड धरता येईना, तेव्हा काम सुटलंच.

महापालिकेच्या शाळेतल्या त्या बाई मला भेटल्या तेव्हा मी चिडले होते. म्हटलं, "तुम्ही म्हणाला होतात, सांगितलं तर सोय होईल." त्या म्हणाल्या, "पुढच्या पोरालाही मी हेच सांगणार. न सांगता काम केलं असतं तर खोटं बोलून नोकरी घेतली म्हणाले असते." त्यांचं चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही. पण त्यानंतर स्टोअररूममध्ये येणारा प्रत्येक मुलगा आधी विचारायचा, "मॅडम, बाहेर कुणाला सांगणार नाही ना?" तिची गोष्ट कुणी या मुलांपर्यंत पोहोचवली, मला माहीत नाही. मी ‘नाही’ म्हणायची आणि शिकवायला लागायची.

पुढं तिचं लग्न झाल्याचं कळलं, लासूर स्टेशनला, मार्केट यार्डात हमाल-मापाडी असलेल्या घरात. पत्रिका आली नव्हती. एकदा मी एका सहकाऱ्याच्या घरच्या कार्याला लासूरला गेले होते, तेव्हा विचारत विचारत तिचं घर गाठलं. नळाला पाणी आलेलं होतं, अंगणात भांडी मांडलेली होती. मला बघून ती क्षणभर थबकली. मग डोक्यावरचा पदर सारखा करून पुढं आली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, ह्या आमच्या शाळंतल्या मॅडम."

सासूबाई हौशी होत्या. चहा टाकला, सुनेचं कौतुक केलं. "शिकल्याली हाय, तरी घमेंड नाय. हाताला मशीनवर भाजलं म्हनून लगीन जरा लांबलं तिचं. आमी म्हटलं, बोटाचं काय, डोस्कं चांगलं पायजे. आमच्या घरात पयलीच शिकल्याली सून." ती चुलीपाशी पाठमोरी भांडी घासायला बसली होती.

चहा पिता पिता सासूबाईंना आठवण झाली. कोनाड्यातून त्यांनी नातवाच्या औषधाची नवी बाटली आणली, थोरल्या सुनेच्या बाळाला ताप होता. बाटली तिच्यापुढं धरून त्या म्हणाल्या, "वाच बरं, किती द्यायचं लिवलंय. डाक्टरनं सांगितलं, पर मी इसरले."

बाटलीवर चिठ्ठी चिकटवलेली होती, डॉक्टरच्या अक्षरातली. तिनं ती हातात घेतली नाही. "माझे हात राखंचे हायेत," ती म्हणाली आणि हात खरोखरच राखेत घातले.

"इकडं द्या," मी म्हणाले. "मी वाचते." मी वाचून सांगितलं, सकाळी अर्धा चमचा, रात्री अर्धा. सासूबाईंनी ते मोठ्यानं घोकलं. मग त्यांनी मला विचारलं, "कशी हुती हो आमची सून शाळंत? पयला नंबर आसंल ना?"

ती वळली नाही. भांडं घासायचा आवाज तेवढा थांबला.

"हो," मी म्हणाले. "पहिल्या बाकावर बसायची. फार सावध मुलगी."

निघताना ती मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. मालगाडी धडधडत गेली. मी विचारलं, "मोबाइलवर धडे पाठवू का काही? बाळाच्या औषधाचं वगैरे, बोलून? कुणाला कळणार नाही."

"नगं, मॅडम. फोन ह्यांच्याकडं आसतो." तिनं इकडंतिकडं बघितलं. "मी आता समदं पाठ करती. पिशव्यांचे रंग, बाटल्यांचे आकार. आजवर कुणाला कळलं नाय."

"आणि कळलं तर?"

ताठलेली दोन बोटं तिनं पदराखाली घेतली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमी लई केलं माझ्यासाठी. म्हणून सांगती, राग मानू नका. परत येऊ नका. तुमी आला की लोक इचारतात, मॅडम कशाला आल्या."

मी हो म्हटलं. ती गेली, भराभर, कारण नळ जायची वेळ झाली होती. मी स्टेशनच्या रस्त्याला लागले.

त्यानंतर माझं लासूरला दोनदा काम निघालं. दोन्ही वेळा मी ते दुसऱ्यावर सोपवलं.